अंगठा न देणाऱ्या काकू आणि माझी पीएच.डी.

गेल्या महिन्यात मला पीएच.डी. मिळाल्याचं नोटिफिकेशन निघालं. तेव्हापासून जळगाव-भुसावळकडच्या कॉलेजांत शिकवणाऱ्या पाच-सहा जणींचे फोन येऊन गेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, "मॅडम, नोकरी सांभाळून जमतं का हो?" फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते. माझा विषय संगणकशास्त्रातला, सुरक्षा आणि गोपनीयता हा. त्यातही माणसांशी बोलून करायचं काम आपल्या भागात फारसं कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे मला वाट विचारायला कुणी सापडलं नाही. तुम्हाला तरी सापडावं.

जुलै 2018 मध्ये पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा, दिली. निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर, निम्मे आपल्या विषयावर, आणि पास व्हायला 50 टक्के. आपण इंजिनिअरिंगवाले विषयाच्या भरवशावर जातो आणि संशोधनपद्धतीत मार खातो. मी भुसावळ-जळगाव रोजच्या गाडीत पाच आठवडे फक्त तेवढंच वाचलं आणि निभावलं. खरा वेळ गेला कॉलेजच्या ना हरकत प्रमाणपत्रात. निकाल लागल्यावर अर्ज केला आणि दोन महिने तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. तुम्ही पेटचा फॉर्म भराल त्याच दिवशी हा अर्जही देऊन टाका आणि आवक क्रमांक घातलेली प्रत स्वतःकडे ठेवा. पुढच्या सहा वर्षांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे आवक-जावक शिक्के असलेली ती फाइल.

नोव्हेंबर 2018 मध्ये आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, विषय मांडला, अँड्रॉइड अ‍ॅपच्या परवानग्यांचं स्वयंचलित विश्लेषण. स्लाइड चांगल्या झाल्या होत्या. समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी मध्येच विचारलं, "हा मोबाइल कुणाचा?" मी म्हटलं, "युजरचा." त्या म्हणाल्या, "म्हणजे घरातल्या कुणाचा?" मला उत्तर देता आलं नाही. विषय मंजूर झाला, जानेवारी 2019 मध्ये नोंदणीचं पत्र आलं, पण तो प्रश्न तसाच राहिला. कोर्सवर्क 2019 मध्येच उरकलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हजेरी भरा आणि असाइनमेंट वेळेत द्या.

मग आला 2020 चा लॉकडाउन. आमच्या कॉलेजच्या एका शिपाईमामांनी घरच्या अडचणीपायी एका अ‍ॅपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं. हप्ता चुकला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज गेले, हा माणूस चोर आहे म्हणून. मलाही आला. मामा चार दिवस कॉलेजात तोंड दाखवायला तयार नव्हते. असं देशभर चाललं होतं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2021 मध्ये कार्यगट नेमला आणि त्या गटाला दोन महिन्यांत अ‍ॅप स्टोअर्सवर कर्ज देणारी सुमारे 1,100 अ‍ॅप सापडली, त्यांतली 600 बेकायदा. माझ्यापुढे मात्र तेव्हा एकच माणूस होता, आणि त्याला शिव्या देणारा मेसेज माझ्या फोनमध्ये होता.

मी 4,200 रुपयांना एक जुना फोन घेतला, त्यात नवं सिम आणि नवं गुगल खातं टाकलं. (असल्या कामाला स्वतःचा फोन किंवा स्वतःचं खातं कधीही वापरू नका.) त्या फोनमध्ये पन्नास खोटे नंबर साठवले, कुणी मावशी, कुणी गॅसवाला, कुणी शाळेचे सर. फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये लॅपटॉप बसवला, म्हणजे फोनमधून काय बाहेर जातं ते वाचता यावं. एका रात्री अकराच्या सुमाराला एक अ‍ॅप उघडून कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली. "परवानगी द्या"वरून बोट उचलतेय तोवर लॅपटॉपवर ओळी धावायला लागल्या. माझ्या त्या खोट्या मावशीचं नाव, तिचा नंबर, मग गॅसवाला, मग सर, एकाखाली एक. कर्जाचा अर्ज अजून भरायचाच होता. मी खुर्चीतच बसून राहिले. ते सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही आपण ठेवलेली नावं निघून जाताना बघणं वेगळंच असतं.

सगळी अ‍ॅप इतकी उघडी नसतात. काहींनी आपल्या सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आतच पक्कं बांधलेलं असतं, मधला लॅपटॉप त्यांना चालत नाही. तिथे एपीके, म्हणजे अ‍ॅपची मूळ फाइल, सोडवून त्यातलं मॅनिफेस्ट (परवानग्यांची यादी असते ते) आणि कोड वाचावा लागतो. यात 2021 चं अख्खं वर्ष गेलं. आणि त्याच वर्षी मामांच्या घरी गेले तेव्हा कळलं की कर्ज मामांनी घेतलंच नव्हतं. फोन मामांचा, सिम मुलाच्या नावावर, आणि "परवानगी द्या" दाबलं होतं मामींनी. घरात फोन एकच. गाइड सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग परवानगी कुणी दिली आणि गेलं कुणाचं, ते शोधा. तोच तुमचा प्रबंध." आरआरसीतल्या मॅडमचा प्रश्न तीन वर्षांनी माझ्या लक्षात आला. आमच्या क्षेत्रातलं बहुतेक सगळं लिखाण एक माणूस, एक फोन असं धरून चालतं. यावल-रावेर पट्ट्यातल्या घरात फोन म्हणजे घरचा नळ, ज्याला लागेल तो उघडतो.

शीर्षकात बदल करायला पुन्हा आरआरसीकडे अर्ज, पुन्हा शुल्क, पाच महिने. मूळ विषयाच्या आत राहील असा बदल मागितला तर लवकर होतो. पार नवा विषय मागू नका.

आता बायकांशी बोलायचं म्हणजे इथिक्स कमिटीची, संशोधनातून माणसांना इजा होत नाही ना ते बघणाऱ्या समितीची, मंजुरी हवी. इंजिनिअरिंग कॉलेजात अशी कमिटी बहुधा नसतेच, आमच्याकडेही नव्हती. सरांच्या पत्रावर एका फार्मसी कॉलेजच्या कमिटीनं अर्ज घ्यायचं मान्य केलं. फॉर्म औषधांच्या चाचण्यांसाठीचा. औषधाची मात्रा, लागू नाही. रक्ताचा नमुना, लागू नाही. बारा पानांपैकी सात पानं "लागू नाही" लिहिण्यात गेली. चौदा प्रती, पाच हजार रुपये शुल्क. ऑगस्ट 2021 मध्ये अर्ज दिला, नोव्हेंबरमध्ये बैठक झाली, शंका आल्या, उत्तरं दिली, मंजुरी जानेवारी 2022 मध्ये मिळाली. एक शंका मात्र फार चांगली होती: सहभागी व्यक्तीला यातून इजा काय होऊ शकते? मी "काही नाही" असं लिहिलं होतं. कमिटीनं ते परत पाठवलं. मग विचार करून लिहिलं की घरात भांडण होऊ शकतं, संशय येऊ शकतो, फोन काढून घेतला जाऊ शकतो. तुम्ही हा परिच्छेद आधीच लिहा आणि प्रश्नावली मराठीतूनच जोडा, नाहीतर एक बैठक वाया जाते.

बैठकीची वाट बघत असताना नोव्हेंबरात मी एका गावात नुसती ओळख काढायला गेले होते. दुपारी दोन वाजता गल्लीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच. सगळ्या बाया कापूस वेचायला. खान्देशात बायकांशी बोलायचं असेल तर दिवाळी ते संक्रांत हा काळ सोडून द्या, आणि मे महिनाही, उन्हापायी. त्यात तेव्हा एसटीचा संप सुरू होता. भुसावळहून स्कूटीवर जाऊन येऊन केलं. पेट्रोलच्या पावत्या जपल्या, पण कुणी मागितल्या नाहीत.

फेब्रुवारी 2022. पहिली मुलाखत. काम तीन गावांत केलं, त्यांतल्या एकाचंही नाव लिहीत नाही. का ते पुढे येईल. काकूंचं वय साठीच्या आसपास. ओट्यावर बसलो. मी माहितीपत्रक वाचून दाखवलं, समजावलं, त्यांनी मान हलवली. सही येत नाही म्हणाल्या. फॉर्मवर त्याची सोय होती, डाव्या अंगठ्याच्या ठशासाठी चौकट. मी शाईचं पॅड उघडून पुढे केलं. काकूंनी हात मागे घेतला आणि पदराखाली धरला.

"अंगठा नाही देनार व बाई," त्या म्हणाल्या. "अंगठ्यानं पैसे निंघतात."

मी म्हटलं, "काकू, हा नुसता कागद आहे, माझ्या कपाटात राहील."

"कपाट तुह्यं. अंगठा माह्या."

मी पॅड बंद केलं. आधार जोडलेल्या खात्यातून गावात मशीनवर अंगठा लावून पैसे काढता येतात, एका वेळी दहा हजारांपर्यंत. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे नकली अंगठे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात झालेली होती. मला हे ठाऊक होतं. मी वर्गात ते शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही, हे माझंच वाक्य. आणि मीच चाळीसेक बायांचे ठसे, शेजारी त्यांची नावं आणि पत्ते, असे कागद एका गठ्ठ्यात बांधून कॉलेजच्या कपाटात ठेवणार होते. कमिटीनं फॉर्म मंजूर केला होता, सरांनी वाचला होता, मी वाचला होता. शाळेत न गेलेल्या काकूंनी तो अडवला.

त्या दिवशी मुलाखत घेतली नाही. चहा घेतला, आणि त्यांच्या सुनेच्या फोनवर एम-आधार अ‍ॅपमधून काकूंचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते दाखवलं. लॉक केलं की मशीनवर अंगठा चालत नाही. पैसे काढायच्या वेळी तेवढं उघडायचं आणि परत लावायचं. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचंही आजच करून घ्या. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असावा लागतो, एवढीच अट.

मग कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज. अंगठा काढून टाकायचा, त्याऐवजी तोंडी संमती घेऊन ती आवाजात रेकॉर्ड करायची. त्यात नाव घ्यायचं नाही, फक्त क्रमांक. आणि साक्षीदार सहभागी बाईनं स्वतः निवडायचा. मी आधी साक्षीदार म्हणून आशाताईचं, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीचं, नाव घातलं होतं. नंतर वाटलं, आशाताईला गावातल्या प्रत्येक घराचं सगळं माहीत असतं, तिच्यापुढे बोलायची सक्ती कशाला. दुरुस्तीला दोन हजार रुपये आणि चार महिने लागले. जूनमध्ये पत्र आलं तर पेरण्या सुरू. प्रत्यक्ष काम पोळ्यानंतर सुरू झालं, कापसासाठी थांबलं आणि मार्च 2023 मध्ये संपलं. एकूण 41 जणींशी बोलले.

दुसरी अडचण जागेची. बाईशी गोपनीयतेबद्दल बोलायचं आणि शेजारी सासूबाई बसलेल्या. त्यांना "तुम्ही आत जा" म्हणणं शक्य नाही, म्हणायचंही नाही. चोपड्याची माझी एक मैत्रीण समाजकार्य शिकलेली आहे, ती बरोबर यायला लागली. ती सासूबाईंची मुलाखत पुढच्या खोलीत घ्यायची, मी सुनेची मागच्या अंगणात. दोन्ही मुलाखती खऱ्या, दोन्ही प्रबंधात आल्या. सासूबाईंनाही सांगण्यासारखं पुष्कळ असतं, त्यांना कुणी विचारत नाही इतकंच.

त्या बायांनी जे सांगितलं त्यानं माझा प्रबंध उभा राहिला. एकीनं माहेरच्या मैत्रिणीचा नंबर गॅस एजन्सी म्हणून ठेवला होता. दुसरी रोज रात्री फोन नवऱ्याच्या हातात जायच्या आधी कॉल यादी पुसायची, पण सगळी नाही. दोन-तीन मुद्दाम ठेवायची, रिकामी यादी बघून जास्त प्रश्न येतात म्हणून. एकीच्या बचत खात्याचा ओटीपी पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर जायचा, म्हणजे स्वतःचे दोनशे रुपये पाठवायचे तरी मुलाला फोन करायचा आणि कशाला ते सांगायचं. मी एकीला विचारलं, फोनला पॅटर्न का नाही लावत? ती म्हणाली, "कुलूप लावलं तं घरात इचारतात ना, कायचं कुलूप?"

सुरक्षेच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात कुलूप हे पहिलं पाऊल असतं. इथे कुलूप लावणं हाच पुरावा ठरतो. नित्या सांबासिवन ही संशोधिका आणि तिच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या लोकांशी बोलून 2018 मध्ये हेच मांडलं होतं, की फोन वाटून वापरणाऱ्या बाया कुलूप, पुसणं आणि टाळणं अशा वाटा काढतात. ते मी वाचलेलं होतं, टिपणंही काढली होती. पण कुलपाची किंमत घरात काय पडते, ते मला त्या अंगणात कळलं.

पैशांचंही सांगते. प्रत्येकीचा तासभर घेत होते, म्हणून दीडशे रुपये द्यायचं कमिटीनं मान्य केलं होतं. फोनवरून पाठवले तर नाव नोंदलं जातं आणि बहुतेक वेळा पैसे नवऱ्याच्या खात्यात पडतात, म्हणून रोख दिले. लेखा विभागाला प्रत्येकीची नाव-सहीची पावती हवी होती. ती द्यायची म्हणजे जे लपवायचं वचन दिलं तेच फाइलला लावायचं. दोनदा पत्र दिलं, समजावलं, जमलं नाही. 6,150 रुपये माझ्या पगारातून गेले. तुमच्याकडे असा प्रसंग आला तर कमिटीच्या मंजुरीपत्रातच "पावती क्रमांकानुसार, नावाशिवाय" हे वाक्य घालून घ्या. मला ते उशिरा सुचलं.

मधल्या काळात बाहेर नियम बदलत होते. 2 सप्टेंबर 2022 ला रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यात कॉन्टॅक्ट्स आणि कॉल यादीला हात लावायला मनाई. 31 मे 2023 पासून गुगलनंही प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना फोटो आणि कॉन्टॅक्ट्स बंद केले. लोकांसाठी चांगलंच झालं. माझं चौथं प्रकरण मात्र जुनं झालं आणि ते "नियमांपूर्वी" आणि "नियमांनंतर" असं पुन्हा लिहावं लागलं. त्यात भर म्हणजे बाया आता प्ले स्टोअरबाहेरून येणाऱ्या एपीकेबद्दल विचारत होत्या, व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या. ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याची चार पानं प्रबंधात वाढली. सुरक्षेत पीएच.डी. करणाऱ्यानं हे धरूनच चालावं. प्रत्येक दाव्यापुढे "या महिन्यात तपासलं" असं लिहीत जा.

सप्टेंबर 2023 मध्ये मुलाखतींवरचा शोधनिबंध पाठवला. डिसेंबरमध्ये नकार आला. एका परीक्षकाची टिप्पणी तीन ओळींची होती: परिशिष्टातल्या तक्त्यावरून या स्त्रिया गावात ओळखू येणार नाहीत याची खात्री लेखिकेनं कशी केली? मला राग आला. नावं काढली होती, प्रत्येकीला क्रमांक दिला होता, आणखी काय करायचं?

रात्री तक्ता उघडला. वय, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, गाव. लटान्या स्वीनी या संशोधिकेनं अमेरिकेत दाखवून दिलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली 87 टक्के माणसं एकटी पडतात, म्हणजे त्यांच्यासारखं दुसरं कुणी उरत नाही. 2002 मध्ये तिनं त्यावर मोजमाप मांडलं: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसारख्या निदान किती ओळी आहेत ते मोजा. मी मोजलं. 41 पैकी 36 ओळी एकट्या. एका ओळीत होतं, 34 वर्षं, बारावी, शिवणकाम, विधवा, आणि पुढे गाव. दीड हजार वस्तीच्या गावात हे वाचून कुणाला नाव विचारावं लागणार आहे? आणि त्याच क्रमांकापुढे, चार पानं मागे, तिनं मला सासरच्यांबद्दल सांगितलेलं वाक्य होतं. निबंध छापून आला असता तर ते वाक्य तिच्या गल्लीत पोचायला एक हुशार भाचा पुरेसा होता. परीक्षकाचं नाव मला कधी कळणार नाही, पण त्या तीन ओळींसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

गाव काढलं. वय दहा-दहा वर्षांच्या गटात घातलं. व्यवसाय तीनच ठेवले, शेती, घर, इतर. वाक्यं क्रमांकापासून तोडली. तरी एक गोष्ट उरली, बोली. या पट्ट्यात लेवा गणबोली, अहिराणी, तडवी, प्रत्येकीची चाल वेगळी. एका वाक्यावरून समाज कळतो, कधी कधी गावही. प्रबंधाच्या परिशिष्टात सगळी वाक्यं प्रमाण मराठीत फिरवून घातली. ते करताना फार वाईट वाटलं. "कायचं कुलूप" या दोन शब्दांत जे आहे ते "कुलूप कशासाठी" मध्ये उतरत नाही. इथे या लेखात बोलीतली जी वाक्यं दिली आहेत ती त्या-त्या बायांना पुन्हा विचारून, वाचून दाखवून दिली आहेत. गॅस एजन्सी, कॉल यादी आणि ओटीपीचे किस्सेही. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या ओळीतल्या दोन गोष्टी त्यांच्याच सांगण्यावरून बदलल्या आहेत.

निबंध दुसरीकडे मार्च 2024 मध्ये स्वीकारला गेला. माझी नोंदणी जुन्या नियमांतली, त्यामुळे मला एक निबंध आणि दोन परिषदांतली सादरीकरणं सक्तीची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनंतर ती सक्ती राहिली नाही. सात दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या ईमेल रोज येतात, तिकडे वळू नका.

पुढचं भराभर सांगते. एप्रिल 2024 मध्ये सबमिशनपूर्व सेमिनार. मग वाङ्मयचौर्य तपासणी. मर्यादा 10 टक्क्यांची, माझा आकडा आला 23. रात्रभर झोप नाही. सकाळी ग्रंथालयातल्या सरांनी शांतपणे दाखवलं की संदर्भयादी आणि माझाच छापून आलेला निबंध त्यात मोजला गेलाय. ते वगळल्यावर 7. घाबरून वाक्यं उलटीपालटी करत बसू नका, आधी अहवाल उघडून रंग कशाला लागलाय ते बघा. जुलै 2024 मध्ये प्रबंध दिला, पाच प्रती, बांधणीसह एकीला अकराशे. प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला होतो, त्यामुळे मुलाखतींचे मूळ मजकूर परिशिष्टात लावू नका. मी ऐन वेळी साठ पानं काढली.

परीक्षकांचे अहवाल यायला आठ महिने लागले. या आठ महिन्यांत काहीच करता येत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याच्या पाच तारखेला मी चौकशीचा अर्ज द्यायचे, सौम्य भाषेत, आवक क्रमांकासह. त्यानं काही लवकर झालं असं नाही, पण रोज फोनकडे बघायची सवय सुटली. मुलगी दहावीला होती, दोघींनी एका टेबलावर बसून वाट बघितली, तिनं निकालाची आणि मी तोंडी परीक्षेच्या पत्राची. तिचा आधी लागला.

जून 2025 मध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी तासभर खोलात विचारलं, चांगलं विचारलं. शेवटचा प्रश्न असा होता: रेकॉर्डिंग नष्ट करण्याचं वचन दिलंय, ते कसं पाळणार? मी सांगितलं की मुलाखतींचे सगळे आवाज पहिल्या दिवसापासून एका कूटबद्ध फाइलमध्ये आहेत आणि ती उघडायला पासवर्डबरोबर एक किल्ली-फाइल लागते, ती फक्त एका पेनड्राइव्हवर आहे. आजकालच्या लॅपटॉपमधल्या एसएसडी डिस्कवर फाइल पुसली किंवा वरून लिहिलं तरी जुन्या खुणा आत राहू शकतात. पण किल्लीच नष्ट केली तर उरतो तो नुसता कचरा. म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी कूटबद्ध करणं शेवटाला ठेवू नये, सुरुवातीलाच करावं. संमतीच्या, नाव नसलेल्या फाइल मात्र वेगळ्या आहेत, त्या कमिटीच्या पत्राप्रमाणे काही वर्षं जपायच्या आहेत.

एकूण खर्च काढला. शुल्कं, कमिटी, प्रवास, छपाई, तो जुना फोन, काकू-ताईंचे पैसे धरून 1 लाख 87 हजारांच्या आसपास. साडेसहा वर्षं. स्त्रियांना जास्तीची दोन वर्षं मिळतात, ती मला मागावी लागली, आणि ती मागताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

नोटिफिकेशन निघाल्यानंतरच्या रविवारी त्या पहिल्या काकूंकडे गेले. लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि नावं-क्रमांकांची वही घेऊन. सून भाकरी करत होती, चूल पेटलेली होती. काकूंनी विचारलं, "माहं पान कोनतं?" मी वही उघडून दाखवलं. त्यांनी ते पान स्वतः फाडून चुलीत घातलं, मग बाकीची वहीही घालायला लावली. पेनड्राइव्ह पाट्यावर ठेवला. वरवंटा त्यांनीच मारला, तीनदा, आणि हिरवी चकती दोन तुकड्यांत बाहेर आली.

"आता त्या डब्यात माहा आवाज नाही?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, फाइल निवडली, पासवर्ड टाकला. उघडत नाही असं आलं, ते वाचून दाखवलं.

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजून एकदा दाब."